नैरोबीला दीड महिना जाताय, तर घरात बसून राहू नका

प्रश्न: माझी मुलगी आणि जावई नोकरीनिमित्त नैरोबीत, पार्कलँड्स भागात राहतात. जूनअखेरीस आम्ही दोघं दीड महिन्यासाठी त्यांच्याकडे जाणार आहोत. मी निवृत्त शिक्षिका, वय ६१. यजमान ६६ वर्षांचे, रेल्वेतून निवृत्त झाले, त्यांना मधुमेह आहे. आम्ही शाकाहारी. नातेवाईक म्हणतात, तिकडे घराबाहेर पडायची सोय नाही, दिवसाढवळ्या लुटतात. मुलगी म्हणते, तसं काही नाही, पण ती दिवसभर ऑफिसात असते. दीड महिना चार भिंतींत काढायचा की काय, याची भीती वाटते. शहर कसं आहे, काय न्यावं, काय बघावं, कशाला जपावं? आणि मुलीकडे कामाला एक बाई आहेत, त्यांच्याशी कसं बोलावं-वागावं?
– एक वाचक, नाशिक रोड

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रातल्या दोन गोष्टी आधी घेते, कारण त्यांना मुदत आहे. बाकीचं नंतर निवांत बोलू.

पहिली गोष्ट पीतज्वराच्या लशीची. केनियाहून परतताना भारतातल्या विमानतळावर या लशीचं पिवळं प्रमाणपत्र दाखवावं लागतं. ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. लस सरकारमान्य केंद्रांतच मिळते, तिचं प्रमाणपत्र दहा दिवसांनंतर वैध होतं आणि मग आयुष्यभर चालतं. पण तुम्ही दोघंही साठीच्या पुढे आहात. ही लस आयुष्यात पहिल्यांदाच घेणाऱ्या साठीपुढच्या माणसांना गंभीर दुष्परिणामांचा धोका तरुणांपेक्षा जास्त असतो. म्हणून केंद्रावर जाऊन रांगेत उभं राहण्याआधी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना सगळी औषधं, जुनी आजारपणं, अंड्याची अॅलर्जी असली तर तीही सांगा आणि त्यांचं मत घ्या. ‘लस नको’ असं त्यांनी सांगितलं, तर परतल्यावर काय करायचं हे तिकीट काढण्याआधी विमानतळाच्या आरोग्य कार्यालयाकडे विचारून ठेवा. हे काम मेच्या सुरुवातीलाच उरकून टाका.

दुसरी गोष्ट प्रवेशाची. जानेवारी २०२४ पासून केनियाने व्हिसाची पद्धत बंद केली. आता ‘ईटीए’ नावाची परवानगी ऑनलाइन काढावी लागते. परतीचं तिकीट आणि मुलीचा पत्ता जवळ ठेवा. अर्ज सरकारी संकेतस्थळावरूनच भरायचा. तशीच दिसणारी, जास्त पैसे उकळणारी बरीच संकेतस्थळं आहेत, तेव्हा हे काम मुलीलाच करू द्या.

आता भीतीबद्दल. तुमचे नातेवाईक अगदीच खोटं बोलत नाहीत. नैरोबीत चोऱ्या होतात, मोबाइल हिसकावले जातात. पण २०१९ च्या जनगणनेत ४४ लाख लोकवस्ती भरलेलं हे शहर रोज सकाळी उठून शाळेत, बाजारात, कचेरीत जातं. ते लोक काही पथ्यं पाळतात, तीच तुम्हीही पाळायची. सोनं घरी ठेवा. मंगळसूत्र काळ्या मण्यांचं, खोट्या वाट्यांचं घाला, पाटल्या-बांगड्या नाशिकलाच राहू द्या. रस्त्यावर उभं राहून मोबाइलवर बोलू नका. गाडी वाहतुकीत अडकली की काच वर घ्या, कारण मोटारसायकलवरून येऊन खिडकीतला फोन ओढून नेतात. पर्स पुढे धरा. अंधार पडल्यावर पायी अजिबात फिरू नका, दोन गल्ल्या जायचं असलं तरी. शहर विषुववृत्ताजवळ असल्याने सूर्य वर्षभर साडेसहाच्या सुमारास उगवतो आणि साडेसहाच्या सुमारास मावळतो. आपल्याकडे असते तशी लांबलेली संध्याकाळ तिथे मिळत नाही, पाहता पाहता काळोख होतो. म्हणून सहाला घरात, असा नियमच करा.

पोलीस ठाणी, लष्करी इमारती, राष्ट्राध्यक्षांचं निवासस्थान यांचे फोटो काढायचे नाहीत. पासपोर्टची प्रत जवळ असू द्या. मॉलच्या दारात गाडी तपासतील, पिशवी यंत्रातून घालायला लावतील. त्याचा राग मानू नका. १९९८ मध्ये अमेरिकी दूतावासावरच्या बॉम्बहल्ल्यात या शहराने दोनशेहून जास्त माणसं गमावली आणि २०१३ मध्ये वेस्टगेट मॉलवर हल्ला झाला. ते घाव अजून ताजे आहेत.

तुमच्या तारखांमुळे आणखी एक सूचना करते. २५ जून आणि ७ जुलै या दिवशी शहराच्या मध्यभागी मोर्चे निघण्याची शक्यता असते. २५ जून २०२४ ला करवाढीविरोधात तरुण रस्त्यावर उतरले, थेट संसदेत घुसले आणि गोळीबारात माणसं मेली. ७ जुलैला १९९० मधल्या लोकशाहीच्या आंदोलनाचा इतिहास आहे. त्या दोन दिवशी घराच्या आसपासच राहा, मध्यवस्तीत जाऊ नका.

एवढं पाळलंत की उरलेला दिवस तुमचा. चार भिंतींत बसायचं काही कारण नाही.

बॅग भरताना मनातून ‘आफ्रिका म्हणजे उन्हाळा’ हे काढून टाका. नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे १८०० मीटरवर आहे, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा बरंच उंच. आणि तुम्ही जाताय तो जुलै हा तिथला थंडीचा महिना. आभाळ दिवसचे दिवस भरलेलं असतं, पहाटे तापमान ११-१२ अंशांवर येतं आणि घरांत उबेची काही सोय नसते. दोन चांगले स्वेटर, पायमोजे, शाल घ्या. पहिले दोन-चार दिवस जिना चढताना धाप लागेल, ती उंचीमुळे. यजमानांना तेवढे दिवस दमाने घ्यायला सांगा. उंचीमुळेच शहरात मलेरियाचा धोका कमी आहे. समुद्रकिनाऱ्यावरच्या मोंबासाला किंवा मसाई माराच्या अभयारण्यात जाणार असाल, तर मात्र मलेरियाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. मधुमेहाची औषधं पूर्ण मुदतीची आणि वर दहा-बारा दिवसांची जास्त घ्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, आणि हातातल्या बॅगेत ठेवा. गरज पडलीच तर पार्कलँड्समध्येच एम. पी. शाह रुग्णालय आहे आणि आगा खान विद्यापीठाचं रुग्णालयही त्याच भागात आहे.

प्लास्टिकच्या पिशव्या नेऊ नका. २०१७ पासून तिथे प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे आणि ती कागदावरची नाही, दंड जबर आहे. लाडू, चटण्या डब्यांत भरा, बाकी सगळं कापडी पिशव्यांत.

खरं म्हणजे खाण्याचं ओझं नेण्याची गरजच नाही. पार्कलँड्स, न्गारा, वेस्टलँड्स या भागांत गुजराती आणि पंजाबी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. डायमंड प्लाझा या बाजारसंकुलात डाळी, मसाले, पापड, भेळ, डोसा सगळं मिळेल. पण माझी मनापासून विनंती आहे की तिथेच अडकू नका. केनियातलं रोजचं साधं जेवण शाकाहारी माणसाला फार जवळचं आहे, हे आपल्या लोकांना ठाऊकच नसतं. ‘न्देंगू’ म्हणजे हिरव्या मुगाचं दाट कालवण, ते चपातीबरोबर खातात. ही चपाती केनियन माणसाच्या घरची आहे, सणावाराला हौसेने लाटली जाते. आपल्यापेक्षा जाड, पदर सुटलेली. ‘गिथेरी’ म्हणजे मका आणि घेवडा एकत्र शिजवलेला. ‘सुकुमा विकी’ ही हिरवी पालेभाजी कांदा-टोमॅटोवर परततात आणि मक्याच्या पिठाच्या घट्ट ‘उगाली’शी खातात. उगाली पहिल्यांदा खाताना बेचव वाटेल, कारण तिच्यात मीठसुद्धा नसतं. आपली भाकरी जशी कालवणाशिवाय अपुरी, तशी तीही. ‘विंबी’ म्हणजे आपली नाचणी. तिची ‘उजी’ नावाची पेज सकाळी पितात, थंडीत तर छानच लागते. यजमानांसाठी तिच्यात साखर घालू नका म्हणून मात्र सांगावं लागेल. चहालाही तेच. दुधात उकळलेला गोड चहा तिथे कुठेही मिळतो, बिनसाखरेचा मागून घ्यावा लागतो. हॉटेलात ‘भाजी फक्त’ एवढ्यावर भागत नाही. मटणाचा रस्सा घातलाय का, हे स्पष्ट विचारा. पाणी गाळलेलं किंवा बाटलीतलंच प्या.

पैशांचं सांगते. एका रुपयाला साधारण दीड शिलिंग मिळतो. पण रोख नोटा फार कमी लागतात, कारण २००७ मध्ये सुरू झालेलं ‘एम-पेसा’, म्हणजे मोबाइलवरून पैसे देण्याची सोय, आता भाजीवालीपासून मॉलपर्यंत सगळीकडे चालतं. पोहोचल्यावर पासपोर्ट दाखवून सफारीकॉमचं सिमकार्ड घ्या, त्यावरच एम-पेसा सुरू करून मिळतं. दुकानदाराचा ‘टिल नंबर’ टाकायचा, पडद्यावर आलेलं नाव वाचायचं, मग पिन. तुम्ही इथे फोनवरून पैसे देत असाल तर दोन दिवसांत सवय होईल.

आता शहर. आणि इथे मला यजमानांचा विचार आधी करायचा आहे, कारण रेल्वेच्या माणसाला नैरोबीसारखं शहर मिळणार नाही. हे शहर वसलं ते रेल्वेमुळेच. इंग्रजांनी १८९६ मध्ये मोंबासाहून आत व्हिक्टोरिया सरोवराकडे रूळ टाकायला घेतले. मोंबासापासून सव्वातीनशे मैलांवर, पुढचा अवघड चढ लागण्याआधी, एका दलदलीच्या माळावर १८९९ मध्ये त्यांनी कामाचा तळ ठोकला. तंबू, कोठार, वर्कशॉप, त्यामागून बाजार. तळाचं गाव झालं, गावाची राजधानी झाली. ते रूळ टाकायला भारतातून सुमारे ३२,००० मजूर आणि कारागीर नेले होते, बहुतेक पंजाबातले. त्यांतले सुमारे अडीच हजार तिथेच मेले, तापाने, अपघातांनी, काही सिंहांच्या तोंडी. साडेसहा हजारांहून जास्त लोक काम संपल्यावर तिथेच राहिले.

जुन्या स्टेशनाजवळ १९७१ मध्ये उघडलेलं रेल्वे संग्रहालय आहे. तिथे एक पूर्ण दिवस द्या. मीटरगेजवर धावलेली जगातली सगळ्यांत ताकदवान वाफेची इंजिनं पूर्व आफ्रिकेची होती. मँचेस्टरमध्ये बांधलेली, डोंगरांची नावं दिलेली ‘५९ वर्गा’ची गॅरेट जातीची इंजिनं. त्यांतलं ‘माउंट गेलाई’ तिथे उभं आहे. आपल्याच मीटरगेजवर एवढं धूड चालायचं, हे यजमानांना समोर उभं राहून बघू द्या, तुम्ही घाई करू नका. किमा स्टेशनवर १९०० साली नरभक्षक सिंहाच्या पाळतीवर बसलेल्या चार्ल्स रायल नावाच्या पोलीस अधिकाऱ्याला सिंहानेच डब्यातून ओढून नेलं होतं. तो डबासुद्धा तिथे जपलेला आहे. स्टेशनच्या परिसरात गर्दी फार असते, तेव्हा टॅक्सी थेट संग्रहालयाच्या दारापर्यंत न्या आणि तिथूनच परतीची बोलवा. ‘उबर’ आणि ‘बोल्ट’ दोन्ही चालतात. रंगवलेल्या, गाणी लावलेल्या ‘मटाटू’ मिनीबसमधून मुलगी-जावयाबरोबर एखादी फेरी जरूर करा. ‘बोडाबोडा’ मोटारसायकलवर मात्र या वयात बसू नका.

नवी रेल्वेही दाखवा. २०१७ पासून नैरोबी-मोंबासा ‘मदाराका एक्स्प्रेस’ धावते, पाच-सहा तासांत समुद्रावर. ती त्सावोच्या अभयारण्यातून जाते, डब्यातून हत्ती दिसतात. तिकीट आधी काढून ठेवा आणि निघण्याच्या तासभर आधी पोहोचा, कारण सामानाची तपासणी कडक असते.

भारतीयांबद्दल बोलताना एका माणसाची आठवण तुम्हाला करून द्यावीशी वाटते. पिओ गामा पिंटो. मूळ गोव्याचं कुटुंब, जन्म १९२७ चा, नैरोबीतला. शिक्षणासाठी ते भारतात आले, धारवाडला शिकले, गोव्याच्या मुक्तीच्या कामात पडले आणि पोर्तुगीज मागावर लागल्यावर केनियात परतले. तिथे ते आफ्रिकी स्वातंत्र्यलढ्यात उतरले. इंग्रजांनी त्यांना अनेक वर्षं स्थानबद्ध ठेवलं. स्वातंत्र्यानंतर ते खासदार झाले आणि २४ फेब्रुवारी १९६५ ला वेस्टलँड्समधल्या घराच्या दारात, धाकट्या मुलीसमोर, त्यांना गोळ्या घातल्या. स्वतंत्र केनियातला हा पहिला राजकीय खून. त्यांची कबर तुमच्या मुलीच्या घराजवळच, सिटी पार्कच्या दफनभूमीत आहे. तिच्या जवळच त्यांचे मित्र जोसेफ मुरुंबी यांची समाधी आहे. मुरुंबींचे वडील गोव्याचे व्यापारी, आई तिथल्या मसाई जमातीची. ते केनियाचे दुसरे उपराष्ट्राध्यक्ष झाले. मित्राच्या जवळ पुरलं जावं, ही त्यांची इच्छा होती. त्यांनी जमवलेल्या आफ्रिकी कलावस्तू ‘नैरोबी गॅलरी’त बघायला मिळतात. शिक्षिकेने हे दोन्ही बघावं असं मला फार वाटतं. आपल्या किनाऱ्यावरची माणसं तिथे दुकानं टाकून थांबली नाहीत, त्या देशाच्या लढ्यात त्यांनी जीव दिला, हे आपल्या शाळांत कुणी शिकवत नाही. २०१७ मध्ये केनिया सरकारने आपल्याकडच्या भारतीय वंशाच्या नागरिकांना देशाची ४४वी जमात म्हणून मान्यता दिली, त्यामागे असा इतिहास आहे. सिटी पार्कमध्ये सकाळी माणसं असतानाच आणि घरच्या कुणाला बरोबर घेऊनच जा. तिथली माकडं पिशव्या ओढतात.

सकाळच्या चालण्यासाठी करुरा जंगल. सुमारे हजार हेक्टरचं, शहराच्या आतलं, कुंपण आणि राखणदार असलेलं. ओढा, धबधबा, बांबूची बनं, आणि बायका एकट्या निर्धास्त चालताना दिसतील. हे जंगल उरलं ते वांगारी माथाई यांच्यामुळे. १९९० च्या दशकाअखेरीस सत्तेजवळच्या लोकांना बंगल्यांसाठी त्याचे तुकडे वाटले जात होते. या बाई रोपं घेऊन तिथे लावायला गेल्या, तेव्हा भाडोत्री गुंडांनी त्यांचं डोकं फोडलं. त्या मागे हटल्या नाहीत. २००४ मध्ये त्यांना शांततेचं नोबेल मिळालं, ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या आफ्रिकी स्त्री. आठवड्यातून तीन-चार सकाळी तुम्ही दोघं तिथे चाला, रविवारची गर्दी टाळा. यजमानांच्या साखरेलाही बरं.

प्राण्यांसाठी मसाई माराची महागडी सहल जमली नाही तरी हळहळू नका. शहराला लागूनच ११७ चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान आहे, १९४६ मधलं. सिंह, काळे गेंडे, जिराफ, रानम्हशी तिथे मोकळ्या फिरतात आणि मागे उंच इमारती दिसतात. पहाटे दार उघडल्याबरोबर आत जा. हत्ती मात्र या उद्यानात मोकळे नाहीत. ते बघायचे तर कडेलाच शेल्ड्रिक संस्थेचं अनाथ पिल्लांचं घर आहे. दिवसातून एकच तास, अकरा ते बारा, लोकांना आत घेतात आणि नोंदणी बऱ्याच आधी करावी लागते, तेव्हा मुलीला आजच सांगा. उद्यानांचं शुल्क रोखीने घेत नाहीत, तेही फोनवरूनच भरायचं. एकदा वापरून टाकायच्या प्लास्टिकच्या बाटल्या आत नेता येत नाहीत, स्टीलची बाटली न्या.

किबेरा ही झोपडवस्ती दाखवणाऱ्या सहली निघतात. त्या घेऊ नका. कुणाच्या दारिद्र्यासमोर फोटो काढत फिरणं आपल्याला शोभत नाही. तिथल्या बायकांनी केलेल्या वस्तू विकत घ्यायच्या असतील, तर जरूर घ्या.

कामाच्या बाईंबद्दल तुम्ही विचारलंत, याचं मला फार बरं वाटलं. बहुतेक कुणी विचारत नाही. तिथल्या काही भारतीय घरांत नोकरांना कसं वागवतात, कोणत्या शब्दांनी त्यांचा उल्लेख करतात, ते ऐकून मान खाली जाते. मराठीत बोललं तर त्यांना कळत नाही, हा समज पहिला सोडा. वर्षानुवर्षं भारतीय घरांत काम केलेल्या बायकांना गुजराती-हिंदी चांगली समजते आणि आवाजाचा रोख तर कुठल्याही भाषेत कळतो. रंगावरून एक शब्दही घरात उच्चारू नका, कौतुकानेसुद्धा नाही.

केनियात भेटल्याबरोबर कामाचं बोलणं उद्धटपणाचं मानतात. आधी ‘हबारी?’ म्हणून विचारपूस, हातात हात, मग पुढचं. दुकानात, टॅक्सीत, फाटकावरच्या रखवालदाराशीही हेच. ‘असांते’ म्हणजे आभार, आणि कुणाला ठेच लागली, कप फुटला तरी ‘पोले’, म्हणजे ‘वाईट वाटलं’, असं म्हणतात, आपल्याकडून काही झालेलं नसलं तरी. इंग्रजी सगळीकडे चालतं, पण हे तीन शब्द तुम्ही बोललात की समोरचा माणूस मोकळा होतो.

बाईंना नावाने हाक मारण्याऐवजी त्यांच्या मुलाच्या नावावरून ‘मामा अमुक’ म्हणतात, ते आदराचं. तेव्हा मुलांची नावं मुलीकडून विचारून घ्या, वयंही विचारा आणि त्या मापाचे स्वेटर इथूनच घेऊन जा. न्देंगू त्यांच्याकडूनच शिका आणि तुमची आमटी त्यांना शिकवा. जेवायला त्या तुमच्याबरोबर टेबलावर बसतील का, हे मुलीला विचारून ठरवा. ती बसवत नसेल, तर या विषयावर तिच्याशी एकदा बोला. आई म्हणून तुम्हाला ते सांगता येईल.